साडेसात फुटांत आवडती पुस्तकं: घर हलवताना निवड, नोंद आणि निगा

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला जायचं ठरलं, त्या सभेत सगळे भाडं, कॉर्पस आणि चटईक्षेत्र यांवर बोलत होते. मी मनातल्या मनात पुस्तकं मोजत होते. आजीची, आईबाबांची, माझी आणि मुलाची मिळून सातशेच्या वर. तीन वर्षांसाठी भाड्याचं घर मिळालं ते घोडबंदर रस्त्याला, वन बीएचके. त्यात पुस्तकांच्या वाट्याला हॉलमधली एक भिंत आली, तीही खिडकी आणि टीव्हीच्या मधली.

ठाण्यात आज कितीतरी घरं याच वाटेवर आहेत, म्हणून मी काय केलं आणि काय करायला हवं होतं ते क्रमाने लिहिते आहे. खोकी भरणं त्यातलं सोपं काम. कुठलं पुस्तक आपलं आवडतं, हे ठरवायला मला पाच आठवडे लागले. एकेक हातात घेताना लक्षात आलं की ते कुणी दिलं, कुठे बसून वाचलं, कुणाला वाचून दाखवलं हे सगळं त्याला चिकटलेलं आहे आणि ते फक्त माझ्या डोक्यात आहे. आजी गेली तेव्हा तिच्या पुस्तकांबद्दलचं असं सगळं तिच्याबरोबर गेलं. म्हणून या लेखात निवडीइतकीच जागा नोंदीला दिली आहे.

आधी फूटपट्टी

किती पुस्तकं ठेवायची, हे मनाला विचारलं तर ते 'सगळी' म्हणणार. म्हणून भिंत मोजा.

मराठी पुस्तकाची जाडी सरासरी दोन सेंटिमीटर धरा. अडीच फुटांची फळी म्हणजे ७६ सेंटिमीटर, तिच्यावर साधारण ३८ पुस्तकं बसतात. माझ्या भिंतीवर अशा तीन फळ्या मावत होत्या, म्हणजे साडेसात फूट, म्हणजे ११४ पुस्तकं. बोटं घालून पुस्तक काढता यावं म्हणून थोडी सैल जागा सोडली आणि आकडा १०५ वर आणला. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवा. निवड करताना तो सारखा डोळ्यांसमोर लागतो.

फळ्या करून घेणार असाल तर सुताराला तीन गोष्टी सांगा. पुस्तकांच्या एक फूट रांगेचं वजन आठ ते दहा किलो भरतं, म्हणजे अडीच फुटांच्या फळीवर वीस-पंचवीस किलो. अठरा-एकोणीस मिलिमीटरचा प्लाय एवढा भार नीट पेलतो, पण फळी साडेतीन-चार फुटांची केली आणि मधे आधार दिला नाही, तर दोन पावसाळ्यांत ती मधोमध वाकते. दुसरं, खोली दहा इंचांच्या पुढे नको. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच असतात. फळी खोल झाली की आपण दोन रांगा लावतो आणि मागची रांग विसरून जातो. तिसरं, दोन फळ्यांत अकरा इंचांचं अंतर ठेवा आणि फक्त सर्वांत खालच्या कप्प्यात तेरा, दिवाळी अंक आणि मोठ्या आकाराच्या पुस्तकांसाठी.

भाड्याच्या घरात मालक भिंतीला छिद्रं पाडू देत नाहीत. तिथे जमिनीवर उभी राहणारी मांडणी घ्या, जड पुस्तकं तळाला ठेवा आणि खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर राहील असं बघा. फरशी पुसताना पाणी उडतं, आणि कधी बाथरूम तुंबलं तरी तेवढी उंची कामाला येते.

कपाटाकडे पाठ करून यादी

पुढची पायरी मला एका मैत्रिणीने सुचवली आणि सगळ्यात उपयोगाची ठरली. कपाट उघडायच्या आधी, त्याच्याकडे न बघता, आठवतील ती पुस्तकं लिहून काढायची. एका बैठकीत नाही, तीन वेगवेगळ्या संध्याकाळी. प्रत्येक वेळी कोरा कागद घ्यायचा आणि आधीची यादी बघायची नाही. तीनही कागदांवर जी नावं येतात ती तुमची पक्की. दोनदा आलेली विचारात घ्यायची. एकदाच आलेल्यांसाठी पुस्तक हातात घेऊन बघायचं.

माझ्या तीन कागदांवर मिळून ६४ नावं आली. त्यांतली अकरा पुस्तकं आमच्या घरात नव्हतीच! काही कुणाला दिली होती ती परत आली नव्हती. बाकीची मी कधी विकतच घेतली नव्हती, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचली होती. हे ग्रंथालय वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली सुरू झालं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतरचं, १८९८ चं. शाळेत असताना बाबांच्या कार्डावर दर शनिवारी दोन पुस्तकं आणायची आणि तलावपाळीच्या कठड्यावर बसून त्यांतलं एक सुरू करायचं, हा माझा क्रम होता. ती पुस्तकं घरात नव्हती, पण माझी होती. या अकरांपैकी चार विकत घ्यायची ठरवली आणि त्यांची जागा १०५ मध्ये आधीच धरली. तुमच्याही यादीत अशी निघतील. त्यांच्यासाठी जागा राखा, नाहीतर घरात आहेत म्हणून ठेवलेली पुस्तकं ती जागा खाऊन टाकतात.

चार ढीग

आता कपाट उघडा. एक खण एका दिवशी, जास्त नको, कारण दोन तासांनंतर मन थकतं आणि मग सगळंच ठेवावंसं वाटतं किंवा सगळंच टाकावंसं वाटतं. जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि चार ढीग करा.

पहिला ढीग पुन्हा पुन्हा वाचायच्या पुस्तकांचा. माझ्याकडे इथे पहिलं आलं ते दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. १९५६ सालचं हे पुस्तक एकेका महिन्यावर लिहिलेलं आहे, त्यामुळे ते मी कधी सलग वाचत नाही. महिना पालटला की तेवढंच प्रकरण काढते. येऊरच्या पायथ्याशी राहायला आल्यापासून ते वाचायची गंमत वाढली आहे, कारण त्यातली पळस-पांगारा ही झाडं आता रिक्षातून जातानाही दिसतात. या ढिगाची कसोटी सोपी आहे: गेल्या पाच वर्षांत हे पुस्तक स्वतःहून हातात घेतलं का? 'कधीतरी पुन्हा वाचीन' हे उत्तर धरायचं नाही.

दुसरा ढीग एकदाच वाचलेल्या, पण मनातून न गेलेल्या पुस्तकांचा. इथे कसोटी वेगळी. पुस्तक बंद ठेवूनच त्यातला एक प्रसंग स्वतःशी सांगून बघा. सांगता आला तर ठेवा. नाही आला, पण पुस्तक थोर आहे असं सगळे म्हणतात म्हणून ठेवावंसं वाटतंय, तर ते ग्रंथालयात मिळतं का बघा आणि निर्धास्त जाऊ द्या. अशा भिडेपोटी ठेवलेल्या पुस्तकांनी माझी जवळजवळ एक अख्खी फळी अडवली होती.

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी कॉलेजात एकदाच वाचलं. १९४५ नंतर तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला त्याची ही हकिगत, आणि त्या लढ्यात उभ्या राहिलेल्या बाईनेच ती लिहिलेली. पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी तलासरी, डहाणू हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता, आणि १९६० साली गुजरातेत जाईपर्यंत उंबरगावही. मी ज्या जिल्ह्याच्या ठिकाणी मजेत शाळेत जात होते, त्याच जिल्ह्यात माणसांना असं वागवलं गेलं होतं, हे कळल्यावर दोन दिवस मला नीट जेवण गेलं नव्हतं. ते पुस्तक पुन्हा वाचायचं धैर्य होईल का सांगता येत नाही, पण ते घरात असायलाच हवं.

तिसरा ढीग ज्यांची प्रत मोलाची आहे त्या पुस्तकांचा. मजकूर कुठल्याही दुकानात मिळेल, ही प्रत मिळणार नाही. आजीची 'स्मृतिचित्रे' अशी आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मकथनाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, आजीकडची आवृत्ती बरीच नंतरची. बाजारात तिला फार किंमत नाही. पण जिथे जिथे लक्ष्मीबाई स्वतःच्या दुःखाकडे हसून बघतात, तिथे आजीने समासात पेन्सिलीने बारीक उभी रेघ मारली आहे. अशा एकेचाळीस रेघा आहेत, मी मोजल्या. आजी तशी फार बोलायची नाही. तिच्याबद्दल मला जे कळलं आहे त्यातलं निम्मं या रेघांतून.

म्हणून एक कळकळीची सूचना: कुठलंही पुस्तक 'द्यायचं' ठरवण्याआधी त्याचं पान न् पान अंगठ्याने फिरवा. अर्पणाची ओळ, बक्षिसाचं लेबल, पत्र, पिंपळाचं पान, बसचं तिकीट, काय निघेल सांगता येत नाही. आम्हाला एका जुन्या पाकपुस्तकात आईच्या हातची आंबोळीच्या प्रमाणाची चिठ्ठी मिळाली. त्या पुस्तकातलं प्रमाण खोडून तिने स्वतःचं लिहिलं होतं.

चौथा ढीग कामाच्या पुस्तकांचा: शब्दकोश, पंचांगाचं एखादं, आरत्या-स्तोत्रं, झाडांची-पक्ष्यांची. यात जास्त वेळ घालवू नका. गेल्या वर्षी वापरलं असेल तर ठेवा.

आकडा जुळत नाही तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या ढिगातलं पुस्तक कुठलंही पान उघडून उभ्या-उभ्या वाचा. दोन पानांनंतर आपण खाली बसलेले असू, तर ते राहणार.

पुस्तकागणिक एक कार्ड

आता मी ज्या कामाला सर्वांत जास्त वेळ दिला त्याकडे येते. निवडलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी पोस्टकार्डाएवढं एक कार्ड लिहायचं आणि ते पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानाशी ठेवायचं. पांढरा, जरा जाड ड्रॉइंगचा कागद घ्या. शिसपेन्सिलीने लिहा, कारण पेनाची शाई ओल लागली की पसरते, पेन्सिल टिकते. वर्तमानपत्राची कात्रणं मात्र पुस्तकात ठेवू नका. त्या कागदात लाकडाचा जो अंश असतो त्याने आम्ल तयार होतं आणि शेजारच्या पानावर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग पडतो. कात्रण हवंच असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती ठेवा.

कार्डाचा वरचा भाग प्रतीच्या माहितीचा. शीर्षकपानाच्या पाठीमागे आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक, किंमत असते. तिथे 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे शब्द नीट बघा. पुनर्मुद्रणात साधारणपणे मजकूर तोच असतो, नव्या आवृत्तीत लेखकाने बदल केलेला असू शकतो. जुन्या पुस्तकांवर वर्ष शके दिलेलं असतं. त्यात ७८ मिळवा की इसवी सन मिळतो: शके १८५६ म्हणजे १९३४. तारीख जानेवारी ते मार्चमधली असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण शकाचं नवं वर्ष चैत्रात सुरू होतं. आयएसबीएन असेल तर तोही उतरवा. २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता, त्यामुळे नुसत्या आकड्यावरूनही प्रत केव्हाची याचा अंदाज येतो. फार जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. त्यांच्या बाबतीत मुद्रकाचं नाव लिहून ठेवा.

खालचा भाग आठवणीचा, आणि इथे हात आखडता घेऊ नका. मी स्वतःला चार प्रश्न विचारत गेले. कसं मिळालं? कुठे वाचलं? तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं? यातलं कोणतं पान उघडून दाखवीन? शेवटच्या प्रश्नाला पान क्रमांक लिहायचाच. 'भाषा फार सुंदर' असं काही लिहायचं नाही, ते कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं. माझं एक कार्ड जसंच्या तसं देते:

'रणांगण, विश्राम बेडेकर. कादंबरी १९३९ ची, माझी प्रत नंतरची. नोकरी लागल्यावर दुसऱ्या महिन्यात फाउंटनच्या फुटपाथवरून घेतली. तेव्हाच्या व्हीटीहून ठाण्याला येताना, स्लो लोकल, लेडीज सेकंड क्लास, तीन संध्याकाळी वाचली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई माझ्याबरोबर वाचत होत्या हे मला कळलंच नव्हतं. मी पान उलटायला गेले तर म्हणाल्या, थांब गं, दोन ओळी राहिल्यात. भांडुपला उतरायच्या होत्या, उतरल्या नाहीत. मुलुंडपर्यंत आम्ही एकच पुस्तक दोघींनी धरून वाचलं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.'

एवढंच लिहायला मला पंधरा मिनिटं लागली. रोज तीन कार्डं धरली तर शंभर पुस्तकांना महिना-सव्वा महिना लागतो. म्हणून हे काम खोकी यायच्या आदल्या आठवड्यासाठी ठेवू नका. घरातल्या मोठ्या माणसांची पुस्तकं असतील तर त्यांनाच विचारा. ते बोलतील, तुम्ही लिहा. माझ्या बाबांना एरवी काल काय जेवले ते आठवत नाही, पण १९७८ साली 'बलुतं' नवं आलं तेव्हा ऑफिसातल्या सात जणांनी वर्गणी काढून एक प्रत घेतली आणि ती कुणाकडे किती दिवस राहिली, हे त्यांनी मला क्रमवार सांगितलं.

कार्ड झालं की त्याचा आणि मुखपृष्ठाचा फोटो काढून ठेवा. पुस्तकांची एक यादी वहीत आणि तीच फोनवर. तेवढं पुरे. यादीसाठी वेगळं अॅप शोधत बसण्यात मी एक रविवार घालवला, तो वाचला असता.

जी जाणार आहेत त्यांचं काय

आधी घरच्यांना आणि जवळच्यांना बोलवा. मग ग्रंथालयं. पोती भरून दारात नेऊन ठेवू नका. त्यांनाही जागा, नोंदणी, मनुष्यबळ यांची अडचण असते. नाव, लेखक, वर्ष आणि पुस्तकाची अवस्था लिहिलेली यादी पाठवा आणि त्यांना हवी तेवढी घेऊ द्या. शाळांना देताना गोष्टींची, चरित्रांची, विज्ञानाची द्या. जुनी गाईडं आणि कालबाह्य परीक्षांची पुस्तकं कुणालाच नको असतात, ती रद्दीतच जातील. वाळवी-कसर लागलेलं पुस्तक दान करू नका, त्याने घेणाऱ्याचं अख्खं कपाट जातं.

आणि शिक्के बघा. आमच्या घरात दोन पुस्तकांवर वाचनालयाचे शिक्के निघाले, एक तर चाळीस वर्षांपूर्वीचं. मी दोन्ही नेऊन दिली. काउंटरवरच्या बाईंनी ती घेतली, रजिस्टर काढलं आणि जुन्या नोंदीत नंबर शोधून समोर 'परत' असं लिहिलं.

खोक्यात घालण्याआधी झाडणी

जुन्या घरातले किडे नव्या घरात नेऊ नका. प्रत्येक पुस्तक बाल्कनीत नेऊन, घट्ट मिटून धरून, कोरड्या रुंद ब्रशने वरच्या कडेवरची धूळ बाहेरच्या बाजूला झाडा. ओलं फडकं अजिबात नको. नाकाला मास्क लावा, जुन्या धुळीत बुरशी असते.

मग कण्याजवळ आणि पुठ्ठ्याच्या आत बघा. चंदेरी, सरपटणारा, उजेड पडताच पळणारा किडा म्हणजे कसर. तिला बांधणीतली खळ आणि कागदावरचा स्टार्च आवडतो, म्हणून ती पृष्ठभाग खरवडून खाते. गोल, आरपार भोकं दिसली तर ते भुंग्याच्या अळीचं काम. मातीची बारीक नळी किंवा आतून पोखरलेली पानं दिसली तर वाळवी. मग प्रश्न पुस्तकाचा राहत नाही, कपाट आणि भिंत दोन्ही तपासून घ्यावी लागतात.

कसर किंवा अळी लागलेली पुस्तकं थोडी असतील तर फ्रीझरचा उपाय करा. पुस्तक कोरडं असल्याची खात्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड पक्कं बंद करा आणि उणे अठरा अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. हा नियम मोडू नका, कारण थंड पुस्तकाला बाहेरची दमट हवा लागली की त्यावर पाणी जमतं.

डांबराच्या गोळ्यांबद्दल माझं मत ठाम आहे: झोपायच्या-बसायच्या खोलीत नकोत. त्यांची वाफ श्वासाला वाईट आणि वास पुस्तकातून वर्षानुवर्षं जात नाही. आपल्याकडे पोथ्या रुमालात बांधून त्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवायची पद्धत होती, ती मी अजून पाळते. कडुलिंबाची पानं घालायची तर पूर्ण वाळलेली घाला, ओलसर राहिली तर तीच बुरशी आणतात. पण यांतल्या कशावरही विसंबून राहू नका. पुस्तक वरचेवर हाताळलं जाणं आणि हवा खेळती असणं, याच्या तोडीचा उपाय नाही.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि मग ती काढताही येत नाही. फाटकं पान तसंच राहू द्या, पुस्तकाला पांढऱ्या सुती फितीने हलकं बांधा आणि सवडीने चांगल्या बाइंडरकडे न्या.

खोकी

वाण्याकडची बिस्किटांची रिकामी खोकी फुकट मिळतात म्हणून आणू नका. त्यांच्या पन्हाळी पुठ्ठ्यात झुरळांची अंडी असतात. नवी पाचपदरी खोकी घ्या, आणि लहान घ्या. भरलेलं खोकं पंधरा किलोच्या पुढे गेलं की उचलणाऱ्याचे हात सुटतात. आमची दोन खोकी जिन्यात फुटली ती मोठी होती म्हणूनच.

पुस्तकं आडवी रचा, मोठी तळाला. उभी ठेवायची तर कणा खाली. पानांची बाजू खाली करून कधीच ठेवू नका, पानांच्या भाराने बांधणी सुटते. मोकळ्या जागेत कोरा कागद कोंबा. पावसाळ्यात हलणार असाल तर खोक्याच्या आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावा आणि पोहोचल्याच्या दिवशीच ती उघडा. दोन दिवस बंद राहिली तर आत घाम धरतो. खोक्यांना क्रमांक द्या आणि फळीवर जशी लावायची त्या क्रमाने भरा. क्रमांक एकच्या खोक्यात, लगेच लागतील अशी पाच-सहा आवडती. आमच्याकडे पहिल्या रात्री गॅसची जोडणी झाली नव्हती, पण क्रमांक एक उघडलेलं होतं.

ठाण्याचा पावसाळा आणि फळी

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कितीतरी दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते. बंद, कोंदट जागेत आर्द्रता पासष्टच्या वर सलग राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते. काही शे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो फळीवर ठेवा. नुसता अंदाज आणि आकडा यांत किती फरक असतो ते बघून मी चकित झाले.

मांडणी पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला लावू नका. दुसरी भिंतच नसेल तर मधे दोन-तीन इंच अंतर सोडा. मागची बाजू उघडी असलेली मांडणी बरी. काचेची दारं असतील तर पावसाळ्यात रोज थोडा वेळ उघडून समोर पंखा लावा. सिलिका जेलच्या पुड्या फक्त घट्ट बंद डब्यात काम करतात, उघड्या फळीवर ठेवणं म्हणजे पैसे वाया. पुस्तकं ठासून भरू नका.

बुरशी दिसलीच तर ते पुस्तक लगेच वेगळं करा, सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मगच, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडा. ओली असताना पुसली तर ती पानात मुरते.

आणि भिजलं तर? २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, कळव्याला आत्याच्या तळमजल्यावरच्या घरात गुडघाभर पाणी आलं. आम्ही दुसऱ्या दिवशी मदतीला गेलो आणि चांगल्या हेतूने चुकीचं काम केलं: भिजलेली पुस्तकं उघडून गच्चीत टाकली. पानं वाकडी झाली, शाई उतरली, आणि गुळगुळीत कागदाचं एक चित्रांचं पुस्तक वाळून विटेसारखं झालं, ते परत कधी उघडलंच नाही. चिंब पुस्तक जबरदस्तीने उघडायचं नाही. ते उभं ठेवून पाणी निथळू द्यायचं, मग थोड्या-थोड्या पानांआड कोरे टिपकागद घालायचे, ते बदलत राहायचं, पंखा सावलीत लावायचा. गुळगुळीत कागदाची पानं वाळायच्या आत एकेक सुटी करावी लागतात. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळं हातून होणार नसेल तर उरलेली पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि सवडीने काढावीत.

वर्षातून एकदा सगळी फळी रिकामी करते. आमच्याकडे हे दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात होतं. पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागलेली असते, आणि सरस्वतीपूजनाला पुस्तकं काढायचीच असतात.

उसनी देताना

आवडती पुस्तकं कुणालाच द्यायची नाहीत असं मी पूर्वी म्हणायचे, आता देते. पद्धत एवढीच: नेणाऱ्या माणसाचा पुस्तक हातात धरलेला फोटो काढायचा आणि वहीत तारीख टाकायची. फोटो असला की आठवण करून देताना संकोच होत नाही. तिसऱ्या ढिगातली पुस्तकं मात्र घरीच बसून वाचायची.

कार्ड पुस्तकाबरोबरच जातं. नव्या इमारतीतली पाचवीतली एक मुलगी सुट्टीत भा. रा. भागवतांचं फास्टर फेणेचं एक पुस्तक घेऊन गेली, माझ्या मुलाचं, कव्हर निघालेलं. आठ दिवसांनी परत आणलं आणि दारातच विचारलं, 'मावशी, ह्याच्या पुढचं आहे?' ती गेल्यावर कार्ड बघितलं. मुलाने लिहिलेल्या ओळींच्या खाली, पेन्सिलीने, ठळक अक्षरात एक नवी ओळ होती: 'मी हे जिन्यात बसून वाचलं कारण घरी पाहुणे होते.'